धुतलेले चौऱ्याऐंशी दगड

ओळंबा हे काही त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जो जड गोळा सोडतो, तो ओळंबा. ह्या माणसाच्या डोळ्यांतच तो बसवलेला होता. दवाखान्यात डॉक्टरने नाडी धरलेली असताना हा समोरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचा, डावीकडे झुकलंय. सासऱ्याला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा आत पाऊल टाकायच्या आधी त्याने दाराची चौकट न्याहाळली आणि अर्ध्या बोटाने गेलीय म्हणून सांगून टाकलं. सासरा सुतार होता आणि चौकट त्याच्याच हातची. तरी लग्न जमलं, कारण मुलीने आतून ते ऐकलं आणि ती चार वर्षं बापाला तेच सांगत होती.

कामाला तो बागेत गवंडी होता. बाग म्हणजे कारंजी आणि गुलाबाचे ताटवे असली नव्हे. साडेतीन मैल लांब आणि कुठे कुठे शंभर पावलंही रुंद नाही अशी, जुन्या कालव्याच्या दोन्ही काठांनी पसरलेली. पूर्वी कालव्यातून धान्याच्या होड्या जायच्या आणि काठावरून घोडे दोर लावून त्या ओढायचे. घोडे गेले, त्यांची वाट राहिली, आणि आता तिच्यावरून पोट कमी करायला निघालेली माणसं चालायची. ओळंब्याचं म्हणणं होतं की घोडे बरे होते, तक्रारी करत नव्हते. पाऊस पडला की चिखल का, खडी टाकली की बुटाला टोचते का, डागडुजीला दोरी बांधून वाट अडवली की आम्ही चालायचं कुठे. एका गृहस्थाने तर त्याला थांबवून सांगितलं, तुमच्या दोरीमुळे माझी आठशे पावलं कमी झाली. ओळंबा म्हणाला, मग इथल्या इथे आठशे वेळा पाय आपटा. ती तक्रार कचेरीत लेखी गेली.

तर ह्या बागेतलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत डोकेदुखीचं काम म्हणजे होडीचा हौद. कालवा जिथे उंचावरून खाली उतरतो तिथे होडी काही पायऱ्या उतरू शकत नाही. म्हणून तिथे दगडी हौद बांधलेला, दोन्ही टोकांना जाडजूड लाकडी दारं. होडी आत घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडायचं किंवा भरायचं, की होडी अलगद खाली नाहीतर वर. अजूनही सुट्टीच्या दिवशी दोन होड्या चालायच्या आणि पोरंसोरं, म्हातारेकोतारे काठावर उभे राहून पाणी चढताना बघायचे. ओळंब्याने बावीस वर्षं ते पाहिलं होतं, तरी पाणी काठाजवळ आलं की हातातली थापी थांबायचीच.

त्या हौदाची डावी भिंत फुगली. मागची माती ओली होऊन ढकलत होती आणि मधला भाग गरोदर बाईच्या पोटासारखा पुढे आला होता. ओळंबा तीन वर्षं सांगत होता. कचेरीला ते दिसलं, एक दगड निखळून होडीत पडला तेव्हा.

नवा साहेब आला होता. त्याचं वय ओळंब्याच्या थापीपेक्षा कमी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्या रोगांवर एकच औषध माहीत होतं, काँक्रीट. त्याने नकाशावर लाल पेन्सिलीने चौकोन काढला. फुगलेला भाग उतरवायचा, भोकात काँक्रीट भरायचं, दारं कायमची बंद करायची, वर माती टाकून फुलझाडं लावायची आणि शेजारी माहितीची पाटी. पाटी छान करू, मामा, असं त्याने दोनदा सांगितलं.

ओळंब्याने कपाळाला हात लावला. जी वस्तू आजही होड्या चढवते ती उद्यापासून पाटीवर वाचायची? त्याने साहेबाच्या टेबलावर हात टेकले आणि म्हणाला, कालव्याची सफाई म्हणून सहा आठवडे पाणी बंदच आहे, तेवढे द्या. तेच दगड, त्याच जागी, जसेच्या तसे बसवून देतो. साहेबाने डोकं खाजवलं आणि दिले. पण सहाव्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी काँक्रीटची गाडी सांगून ठेवली. त्या वेळेला भिंत उभी असली तर गाडी परत. भोक असलं तर भोकात काँक्रीट, आणि हौद मेला. साफ बोलणं झालं.

मग काम सुरू झालं. फुगलेल्या भागात दगड होते मोजून चौऱ्याऐंशी. सात थर, एका थरात बारा. दर दोन दगडांच्या सांध्यावर जुन्या लोकांनी लोखंडी चाप ठोकून वर शिसं ओतलेलं. चाप गंजून गेले होते. ते काढत, कप्पीने एकेक दगड उचलत ओळंब्याने सगळे वर गवतावर रांगेने मांडले. आणि प्रत्येकावर चुन्याच्या निवळीने नंबर घातला, वर थर, खाली थरातली जागा. साहेब म्हणाला, मामा, हे कागदावर पण उतरवून ठेवा. ओळंबा म्हणाला, कागद उडतो, दगड उडतो का? बिनतोड वाटलं त्याला. साहेबाने निदान फोटो तरी काढून ठेवला होता, पण तो कामाच्या पहिल्या दिवशी कचेरीतली सगळी मंडळी भिंतीपुढे उभी करून. त्यात सात पोटं स्पष्ट दिसत होती आणि भिंत सातव्या पोटाच्या पलीकडे वीतभर.

तिसऱ्या आठवड्यात ओळंबा आणि त्याचा जोडीदार चुनेवाला दोन दिवस भट्टीवर गेले. चुनेवाला म्हणजे चुना भिजवणं, मळणं आणि मुरवणं ह्यात आयुष्य घालवलेला माणूस. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यांतले दोन चुन्याशी. पाण्याखाली धरणारा चुना डोळ्यांनी बघूनच आणावा लागतो, विटांची भुकटी घालून घोळवावा लागतो, म्हणून दोघांनी जायचं.

ते दोन दिवस म्हणजे शनिवार आणि रविवार. आणि रविवारी यायचं उद्यानमित्र मंडळ.

हे मंडळ म्हणजे बागेवर प्रेम करणाऱ्या हौशी माणसांचं. दर रविवारी येऊन कागद, बाटल्या, काड्या गोळा करायचे. ह्या मंडळात ओळंब्याची बायकोही होती. तिला सगळे काकू म्हणत. नवरा रोज रात्री जेवताना बागेतलं काय काय वाकडं आहे ते सांगायचा, तेव्हा एकदा जाऊन बघू तरी म्हणून ती गेली आणि तिथलीच झाली. बाई स्वच्छतेची एवढी की दुकानातून आणलेला साबणसुद्धा आधी धुऊन घ्यायची.

त्या रविवारचं काम कचेरीने ठरवून दिलेलं होतं. बागेतल्या दगडांवर, कठड्यांवर पोरांनी रंगाने नावं आणि बदामाची चित्रं काढून ठेवली होती, ती घासून काढायची. मंडळी हौदापाशी आली तर गवतावर चौऱ्याऐंशी दगड आणि प्रत्येकावर पांढरं काहीबाही खरडलेलं. आता तुम्ही म्हणाल, बायकोला नवऱ्याचं अक्षर कळू नये? पण कळणार कसं, त्याने लग्नाला तीस वर्षं होत आली तरी तिला दोन ओळींची चिठ्ठी कधी लिहिली नव्हती. आणि त्याचा चार हा सातासारखा, सात हा कोयत्यासारखा. काकूंनी पदर खोचला आणि बादली मागवली.

घासले. चांगले पाच तास घासले. वरून, खालून, बाजूंनी. जुन्या चुन्याच्या खपल्या, माती, शेवाळ, काही ठेवलं नाही. चापांच्या खाचांत ब्रश जाईना तर काकूंनी घरून दात घासायचे जुने ब्रश आणवले. एवढ्यावर थांबते तरी एक वेळ बरं. पण दगड फिरायच्या वाटेच्या कडेला येत होते आणि मंडळात व्यायामशाळेतले सहा दणकट तरुण होते. त्यांनी ओळंब्याचीच ढकलगाडी घेतली आणि सगळे दगड झाडाखाली नेऊन नीट लावले. शाळेच्या फोटोत बसवतात तसे, बुटके पुढे, उंच मागे.

सोमवारी सकाळी ओळंबा चुन्याची पोती घेऊन आला आणि झाडाखाली बघून उभाच राहिला. दगड नव्या भांड्यांसारखे चकचकत होते. चुनेवाल्याने पोतं खाली ठेवलं, एक फेरी मारली, आणि दिवसातला पहिला शब्द उच्चारला, "संपलं."

कोणी केलं हे विचारत ओळंबा कचेरीत गेला तेव्हा रागाने तोंडाला फेस आला होता. त्या मंडळाला कालव्यात उभं करून पाणी सोडा, इथपर्यंत तो बोलला. साहेबाने गुपचूप हजेरीचा कागद पुढे केला. पहिलंच नाव बायकोचं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने कागद उलटा ठेवला आणि बाहेर आला.

घरी त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस तो बोलला नाही. काकूंना सगळं कळलं होतं. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, की नंबर होते हे मला काय स्वप्न पडणार होतं, एका शब्दाने सांगून ठेवलं असतं तर. त्यावर ओळंबा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत राहिला. ते सरळच होतं.

तीन दिवस त्याने एकट्याने डोकं चालवलं. दगडाच्या तोंडावरचे होड्यांच्या दोरांचे चरे जुळतात का, छिन्नीचे टाके एका हाताचे आहेत का. दहा दगड जमले आणि त्यांतले चार दुसऱ्या दिवशी चुकीचे निघाले. साहेब रोज येऊन घड्याळात बघायचा, आणि ओळंब्याला घड्याळ पायाखाली घ्यावंसं वाटायचं. शिवाय ते फिरायला येणारे. एकाने विचारलं, काका, इथे बसायला बाक करताय का?

चौथ्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. नेहमी तो सकाळीच नेत असे, त्या दिवशी रागाने विसरला होता. डबा त्यांनी चुनेवाल्याजवळ दिला आणि झाडाखाली दगडांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग वाकून एका दगडाच्या माथ्यावरच्या खाचेत बोट घातलं, उठल्या, तिसऱ्या रांगेत गेल्या आणि दुसऱ्या दगडाच्या खाचेत बोट घातलं.

"अहो, हे दोघं शेजारी होते," त्या म्हणाल्या.

ओळंब्याने वर न बघता सांगितलं की घरी जा.

"ह्याची खाच आत जाऊन डावीकडे वळते आणि तळाला तांबडा डाग आहे. त्याचीही तशीच, पण उजवीकडे. मी स्वतः ब्रशने घासल्यात. तो डाग काही केल्या जाईना म्हणून लक्षात राहिलं."

चुनेवाला उठला. तो कधी कशासाठी उठत नसे. त्याने कप्पी लावली, एक दगड दुसऱ्याला भिडवला आणि दोन्ही खाचांमध्ये बोटभर तार वाकवून ठेवली. तार अशी बसली की जणू घरी आली. दोनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने प्रत्येक चापाची खाच दोन्ही दगड एकत्र ठेवून हाताने खोदली होती, म्हणून प्रत्येक जोडीची खाच वेगळी. एवढी साधी गोष्ट. ओळंब्याच्या ती लक्षात यायला हवी होती आणि आली नव्हती, कारण त्याच्याकडे नंबर होते. नंबर असला की कोण बघतो खाचेकडे.

ह्याचा त्याला आनंद व्हावा की नाही? झाला नाही. उलट आणखी चीड आली. ज्या बाईने घाण करून ठेवली, माफ करा, स्वच्छ करून ठेवलं, तिच्याच हातून वाट सापडावी. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण इथे दगडही तिचा आणि वीटही तिचीच. आणि वर आणखी एक. जुन्यांनी खालचे थर जाड आणि वरचे पातळ घातलेले, त्यामुळे व्यायामशाळेच्या पोरांनी उंचीप्रमाणे लावलेले दगड बरेचसे थराथराने आपोआप वेगळे झालेले निघाले. हे कळलं तेव्हा ओळंबा अर्धा तास कालव्यापलीकडे जाऊन बसला.

पण कामाला लागला. काकू रोज यायला लागल्या. त्या खाचा बघून जोड्या सांगायच्या, ओळंबा दोरी आणि काटकोनाचा गुण्या लावून बसवायचा, चुनेवाला चुना द्यायचा. नवराबायको एकमेकांशी चुनेवाल्याच्या मार्फत बोलायचे. वहिनींना सांग की हा दगड फुटका आहे. ह्यांना सांगा की फुटका तो नाही, त्याचा शेजारी. चुनेवाल्याच्या आयुष्यात त्याला एवढं बोलावं लागलं नव्हतं. पाचव्या दिवशी तो ओळंब्याला म्हणाला की मला वेगळी मजुरी पाहिजे.

चौथ्या थरात एका दगडावरून जुंपली. थराची शेवटची जागा, दोन दगड शिल्लक, एक चौथ्यातला, एक पाचव्यातला, उंचीला सारखेच दिसणारे. एका बाजूची खाच तुटून गेली होती, त्यामुळे पुरावा अर्धाच. काकू म्हणाल्या, लांबटसा दिसतो तो चौथ्यातला. ओळंबा म्हणाला, आखूड तो. मी चाळीस वर्षं दगड बसवतोय. काकू म्हणाल्या, बसवा. आणि आखूड दगड बसला. दोन्ही बाजूंना थोडा जास्त चुना भरावा लागला. ओळंब्याने तो थापीने इतका सुंदर गुळगुळीत केला की कोणाला संशय येऊ नये.

गुरुवार उजाडला. सहा थर पूर्ण होऊन सातव्याचं काम चालायला हवं होतं, पण पाचव्या थराचाच शेवटचा दगड राहिला होता. सहाव्या आणि सातव्याचे सगळे जोडून, तपासून वर तयार ठेवलेले, नुसते उतरवायचे. चुना मळलेला. दुपारपर्यंत झालं असतं. ओळंब्याने शेवटचा दगड कप्पीने सोडला आणि तो जागेत जाईना. दोन बोटं लांब. फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, दोन बोटं म्हणजे दोन बोटं.

तेवढ्यात वर काँक्रीटची गाडी आली. तिचं ते पोट घरघरत फिरतंय आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतोय, कुठे ओतायचं. साहेब धावत आला. खाली बघितलं, दगड बघितला, आणि हळूच म्हणाला, "मामा, दोन बोटं छाटून टाका, वरचे थर तयारच आहेत म्हणून मी गाडी परत लावतो. पाणी आलं की कोणाला दिसणार आहे?"

ओळंब्याच्या हातात छिन्नी होती. खरं सांगायचं तर ती त्याने साहेब यायच्या आधीच उचलली होती. दोन बोटं म्हणजे दहा मिनिटांचं काम. हौद वाचत होता. वर गाडी घरघरत होती, ड्रायव्हर ओरडत होता की माल पोटात घट्ट झाला तर पोट तुम्ही फोडणार का. फिरायला आलेले चारपाच जण दोरीपाशी थांबून मजा बघत होते. त्यातला एक म्हणाला, छाटा हो, त्यात काय.

ओळंब्याने छिन्नी दगडावर टेकवली. मग काढली. जुना दगड त्याने आजवर कधी कापला नव्हता. भिंत चुकली तर दगडाची मान का कापायची? आणि भिंत कुठे चुकली हे त्याला ठाऊक होतं. गेले चार दिवस ठाऊक होतं. त्या सुंदर गुळगुळीत चुन्याकडे बघायचं तो टाळत होता.

त्याने छिन्नी खाली ठेवली आणि चुनेवाल्याला न सांगता थेट बायकोकडे वळला.

"अगं, चौथ्यातला तो तुझा. लांबटसा. हाच ना?"

काकूंनी वरून फक्त मान हलवली. बाई शहाणी. त्या क्षणी एक शब्द जास्त बोलली असती तर पुन्हा छिन्नी उचलली गेली असती.

आता चौथ्यातला आखूड दगड काढायचा म्हणजे त्याच्या वरचे पाचव्याचे पाच काढायचे. ओळंब्याने साहेबाला सांगितलं की तीन तास पाहिजेत. साहेब म्हणाला, गाडीला एक तासापेक्षा जास्त थांबवता येत नाही. ओळंबा म्हणाला, मग ओता, माझ्यासकट ओता, आणि पहार घेऊन खाली उतरला. साहेब गाडीकडे बघत राहिला, मग ओळंब्याच्या टकलाकडे, मग पुन्हा गाडीकडे. त्याने नोकरीत पहिल्यांदाच कोणाला न विचारता काहीतरी ठरवलं असावं. ड्रायव्हरला तो कचेरीमागे घेऊन गेला आणि जिथे दरवर्षी चिखल होऊन सगळ्यांच्या दुचाक्या फसायच्या तिथे ओतायला लावलं. आजही ती बागेतली सगळ्यांत मजबूत जागा आहे.

पाच दगड निघाले, आखूड निघाला, लांबटसा बसला, चाप ठोकला आणि तो खाचेत टक्क करून गेला. आखूड दगड पाचव्या थरात गेला, तिथे त्याला चुनाही थोडकाच लागला. संध्याकाळी सातव्या थराचा शेवटचा दगड बसला तेव्हा चुनेवाला म्हणाला, "झालं." ओळंब्याने ओळंबा सोडून पाहिला. गोळा भिंतीच्या कडेने उतरला आणि डुलणं थांबून स्थिर झाला. त्याने तीनदा सोडून पाहिला, कारण एकदा बघून विश्वास ठेवायची सवय त्याला नव्हती.

चुना धरायला, पाणी आणखी बंद ठेवून, पंधरा दिवस दिले. मग पाणी सोडलं. हौद भरताना ओळंबा एका गुडघ्यावर बसून भिंतीला कान लावल्यासारखा बघत होता. एका सांध्यातून दोन थेंब आले आणि थांबले. पाणी एकेक थर गिळत वर चढत गेलं, सगळ्यांत वरचा तेवढा बाहेर राहिला. पहिली होडी वर आली. काठावर मंडळी जमली होती, साहेब होता, उद्यानमित्र मंडळ होतं, काकू होत्या. टाळ्या झाल्या.

तेव्हा तो आठशे पावलांचा गृहस्थ दोरीवरून वाकून बघत म्हणाला, "भिंत एकदम नवी कोरी दिसते. जुनी होती तिची सर नाही. जुन्याची मजाच गेली."

ओळंब्याने तोंड उघडलं. चौऱ्याऐंशी दगड, सहा आठवडे, तीन दिवसांचं मौन आणि ती छिन्नी, सगळं ओठांपर्यंत आलं. काकूंनी मागून त्याची बाही धरली.

"पाच-सात वर्षं थांबा," तो त्या गृहस्थाला म्हणाला, "शेवाळ धरलं की जुनी होईल." आणि मग मान वळवून बायकोला, अगदी हळू आवाजात, "आणि तोवर तू ह्या भिंतीकडे बादली घेऊन फिरकायचं नाही."

काकू म्हणाल्या, उजवी भिंतही जरा फुगल्यासारखी दिसतेय. त्याने पाहिलं. फुगली होती, अर्ध्या बोटाने.